फसवणुकीत पहिला नंबर

आमची घोंगड्यांची वेबसाइट इंटरनेटवर पहिल्या नंबरावर आली आणि त्याच आठवड्यात होती नव्हती तेवढी विक्रीही बंद पडली.

यामागे कुणाचा तरी कट आहे, असं मी आठ दिवस भेटेल त्याला ठासून सांगत होते. कट होताच. तो मी माझ्या हातानं, माझ्या बापाच्या देखरेखीखाली केलेला होता.

बाबा चिकलठाण्याच्या कारखान्यात युनियनचं काम करायचे. इतर मुलं अंकलिपीवर अक्षरं शिकली, मी पत्रकांवर शिकले. ध धरण्याचा, न निदर्शनांचा, ज जाहीर निषेधाचा. (माझं नाव क्रांती आहे. पाठीवर भाऊ झाला असता तर त्याचं नाव संप ठेवलं असतं, याबद्दल मला शंका नाही.) त्यामुळे मला साधं, थंड डोक्यानं काही लिहिताच येत नाही. शाळेत 'आमची सहल' या निबंधात मी फक्त बसच्या कंत्राटदाराविषयी लिहिलं होतं.

बाबांची थोरली बहीण, म्हणजे माझी द्वारका आत्या, लासूर स्टेशनच्या पुढं एका गावात राहते. घरची मेंढरं, घरची लोकर, कातायचं तिनं, विणायचं तिनं. पण बाजारात मशीनवर काढलेली प्लास्टिकच्या धाग्याची चादर 'अस्सल घोंगडी' म्हणून खपते, आणि आत्याची खरीखुरी घोंगडी घडी घालून पेटीवर पडून राहते. गेल्या पावसाळ्यात तिनं शांतपणे जाहीर केलं, "या हिवाळ्यात माल निघाला तर ठीक. नाय तर माग मोडते, चुलीत घालते आन् लेकाकडं जाऊन टीव्ही बघत बसते."

आमच्या घराण्यातला हा शेवटचा माग. मी पेटले! मी वेबसाइट काढली. पहिल्या महिन्यात ती तीन जणांनी पाहिली. त्यातली एक मी, एक बाबा, आणि तिसरा माणूस चुकून आला असावा, कारण तो चार सेकंदांत निघून गेला.

वेबसाइट नुसती काढून चालत नाही, ती वर आणावी लागते, असं कळलं तेव्हा मी शहरातल्या छावणी भागातल्या एका डिजिटल सल्लागाराकडे गेले. त्यानं मला खुर्ची दिली आणि विचारलं, "मॅडम, घरात माणसं किती?"

"नातेवाईक धरून शंभरेक."

"बस, हो गया. शंभर रिव्ह्यू झाले."

"त्यातल्या एकानंही घोंगडी विकत घेतलेली नाही. त्यांना ती आहेरात मिळते."

"ते कोण बघतं? आणि मजकूर तर एआयच लिहून देतं. दोन मिनिटं."

दोन मिनिटंही लागली नाहीत. पडद्यावर आलं, 'आमची घोंगडी तुमच्या जीवनशैलीला देते एक नवा आयाम.'

घोंगडी माणसं अंथरतात, पांघरतात, पावसात खोळ करून डोक्यावर घेतात. माझ्या आत्याकडं आजवर कुणी आयाम मागितलेला नाही.

"हे खोटं आहे," मी म्हणाले.

"खोटं नाही मॅडम, मार्केटिंग आहे. सगळे हेच करतात."

'सगळे हेच करतात' हे वाक्य आमच्या घरात शिवीपेक्षा वाईट मानतात. मी तिथंच उभी राहून बोलायला लागले. छोट्या माणसानं आयुष्यभर सच्चा माल करायचा, आणि तो लोकांना दिसावा म्हणून शंभर वेळा खोटं बोलायचं? कुणाच्या नियमानं? कोपऱ्यात बसलेली दोन गिऱ्हाइकं मध्येच उठून गेली. (ती माझ्या विचारांनी हलली होती, असं मी बाबांना सांगितलं. त्यांना बहुधा उशीर होत होता.)

घरी आले आणि त्याच तिरीमिरीत सगळा मजकूर स्वतः लिहिला. मथळा दिला, 'घोंगडीच्या नावाखाली फसवणूक!' खाली आत्याचा फोटो. हातात घोंगडी, चेहरा करारी. (फोटोत हसणं तिला पटत नाही.) त्याखाली नकली मालवाल्यांची अशी सालटी काढली की वाचताना बाबांचा श्वास जोरात चालायला लागला.

"'फसवणूक' किती वेळा आलंय?" त्यांनी विचारलं.

"अकरा वेळा."

"कमी आहे. गेटवरून सायकलीनं जाणाऱ्या माणसाला एकदा सांगून कळत नसतं. प्रत्येक परिच्छेदात टाक. 'लूट' कुठंय? 'लबाडी' कुठंय?"

मी लूट टाकली, लबाडी टाकली. आत्याच्या घोंगड्यांची लांबी, रुंदी आणि मागवायचा फोन नंबर अगदी तळाशी गेला, कारण पत्रकात मागण्या शेवटी असतात.

मग बाबांनी ते पान कामगारांच्या सगळ्या ग्रुपवर पाठवलं. निवृत्त कामगाराइतका सवडीचा वाचक जगात नाही. त्यांनी ते उघडलं, शेवटपर्यंत वाचलं, चर्चा केली, पुढं पाठवलं. सर्च करणाऱ्या यंत्राला वाटलं, लोक एवढं वाचताहेत म्हणजे माल दमदार आहे. त्यानं आम्हाला उचललं आणि थेट शिखरावर बसवलं!

पहिला फोन आला. "हॅलो, फसवणूक विभाग का?"

"नाही, हे घोंगड्यांचं दुकान आहे."

"तेच की. तुम्हीच का ते?"

दुसऱ्यानं अर्धा तास तक्रार सांगितली आणि शेवटी म्हणाला, "आता मोठ्या साहेबांना द्या." तिसरीनं मला पोलिसांची धमकी दिली. आणि मी मूर्ख, या सगळ्यांची नावं, नंबर वहीत उतरवून घेत होते! जनता जागी होते आहे, असं मी बाबांना म्हणाले. बाबांनी मान डोलावली. घोंगडी मात्र एकानंही घेतली नाही. कशी घेतील? ज्याला घोंगडी हवी, त्यानं मोबाईलवर 'घोंगडी' लिहिलं की पहिल्यांदा दिसायचं 'फसवणूक, लूट, लबाडी', आणि त्याला लागून माझ्या आत्याचा करारी चेहरा.

नवव्या दिवशी आत्या स्वतः आली. पाणी घेतलं नाही. चप्पल काढायच्या आत म्हणाली, "बाजारात बायका मला मोबाईल दाखवत्यात. म्हणत्यात, द्वारकाबाई, कोणत्या केसमधी सापडल्या?"

"अक्का, तो मजकूर खोट्या मालाच्या विरोधात आहे," बाबा म्हणाले.

"मग खोट्याचा फोटो लावायचा व्हता. माझा काहून लावला?"

इतक्या वर्षांच्या वाटाघाटींत मुरलेल्या बाबांनी पाण्याचा पेला पुन्हा तिच्यापुढं केला.

"आत्या, यंत्राला राग कळत नाही," मी म्हणाले. "त्याला फक्त शब्द दिसतात."

"त्याचं सोड. तुला तर कळत व्हतं ना?"

मी उठून दुसऱ्या खोलीत गेले आणि दात-ओठ खात छावणीच्या सल्लागाराला फोन लावला. तो हसला असता तर बरं झालं असतं. तो आदरानं म्हणाला, "मॅडम, नकली मालवाल्यांनी मला नेमलं असतं तरी माझ्याकडून इतकं जमलं नसतं."

"आता काय करू ते सांगा."

"लोक काय विचारतात ते बघा, त्याचं उत्तर लिहा. बाकी काही नाही."

हे खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला. परत आले तर दुकानाचा फोन आत्याच्या कानाला. कुणीतरी फसलेला माणूस पलीकडं बोलत होता.

"ओरडू नका भाऊ. एक धागा उपसा. उपसला? आता काडी लावा. केस जळल्यागत वास आला का? नाय? वितळून गोळी झाली? मग ते प्लास्टिक हाय, लोकर नाय... व्हय, खरी हाय की माझ्याकडं. म्याच विणते. मऊ पाहिजे तर कोकराच्या पहिल्या लोकरीची घ्या... आता भिजल्यावर वास मारतीच. मेंढराला मेंढराचाच वास येणार, गुलाबाचा कुठून आणू?"

त्या माणसानं दोन मागवल्या.

आत्यानं फोन ठेवला आणि माझ्याकडं हात पुढं केला. "ती वही दे."

तीन दिवस ती आमच्याकडं राहिली. वहीतल्या एकेकाला फोन करून धागे जाळायला लावले. मी शेजारी बसून ती बोलते ते शब्दाला शब्द टिपत होते. जुनं पान मी माझ्या हातानं पुसलं. (बाबा त्या वेळी बाहेर फिरायला गेले.) नव्या पानाचा मथळा झाला, 'घोंगडी खरी की नकली? एक धागा जाळून बघा.' फसवणूक इंटरनेटवरून उतरायला पुढं कित्येक दिवस लागले, पण संक्रांतीच्या आत पेटीवरचा ढीग संपला आणि आत्यानं मागावर नवा ताणा लावला.

"माग मोडणार होतीस ना?" मी विचारलं.

"सरपण हाय अजून घरात," ती म्हणाली.

आता त्या पानावरचा सगळा मजकूर चौथी शिकलेल्या आत्याचा आहे. ती सांगते आणि घराण्यातली एकुलती एक लेखिका टाइप करते. माझ्या स्वतःच्या लेखणीतलं एकच वाक्य तिनं राहू दिलंय, 'सोमवारी फोन घेतला जाणार नाही!' तेही तिनं चष्मा लावून दोनदा वाचलं, शेवटच्या उद्गारचिन्हावर बोट ठेवलं आणि मला विचारलं, "एवढं वरडायला सोमवारनं काय केलंय?"