कदमकाकांची वाकडी करंगळी

मी ॲलिस स्प्रिंग्जला राहते, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या बरोबर पोटात. तिथल्या आदिवासींनी स्वतःसाठी चालवलेल्या एका आरोग्य संस्थेत मी ग्राफिक डिझायनर आहे. मधुमेहाची पत्रकं, लसीकरणाची पोस्टरं, दवाखान्याच्या भिंती. एवढ्या वाळवंटात राहून सुट्टीला पुन्हा वाळवंटातच, कुवेतला, जायचं ठरवलं तेव्हा सगळे हसले. पण दादा-वहिनी तिथे आहेत आणि वहिनीच्या हातचं पापलेट आहे. मला एवढी कारणं पुरतात.

जायचं तर हिवाळ्यात जा. जानेवारीत तिथे चक्क स्वेटर लागतो. दोन ठिकाणी विमानं बदलून पोचले तेव्हा पाठीचा पार चुरा झाला होता, पण सलवा भागातल्या दादाच्या घरी गरम वरणभात मिळाला आणि मी माणसात आले. पहिले दोन दिवस मुबारकियाच्या जुन्या बाजारात हुंदडले. तिथे पापलेटला झुबैदी म्हणतात आणि भाव ऐकून आपण आधी फक्त वास घेतो. रस्त्यावर टाकलेल्या बाकांवर बसून काळा चहा आणि भट्टीतला गरम खुबूस, म्हणजे तिथली रोटी, नक्की घ्या, स्वस्त आहे आणि पोटभर होतो. टॅक्सीत बसण्याआधी भाडं ठरवून घ्या. मी ठरवलं नाही आणि दादाने दोन दिवस माझी टिंगल केली.

तिसऱ्या दिवशी सुट्टी संपली. झालं असं, की स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार बसवायला कदमकाका आले. गुहागरकडचे सुतार, बरीच वर्षं कंत्राटावर, मिरकाबच्या एका जुन्या इमारतीत चौघांबरोबर राहतात. काम करताना ते मधेच थांबून कपाळ दाबत होते. वहिनी जाब्रियाच्या हॉस्पिटलात नर्स आहे, तिच्या नजरेतून हे सुटणार नाही. ती आणि तिच्या मैत्रिणी दरवर्षी एका शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, कोकणातल्या कामगारांची बीपी-शुगर फुकट तपासतात.

"काका, या शुक्रवारी नक्की या. हे डोकं दुखणं बरं नाही."

"बगतो की, वैनी."

कोकणातला माणूस 'बगतो' म्हणाला की विषय संपला. ते हात धुवायला गेले तेव्हा वहिनी पुटपुटली, "गेल्या वर्षी सहा जण आले. या वर्षी असंच झालं तर मैत्रिणी म्हणतात बंद करू. आणि या माणसाला काही झालं तर?" तिचे डोळे भरले होते.

फ्रिजवर तिचं पोस्टर होतं: निळा रंग, गळ्यात स्टेथोस्कोप घातलेला डॉक्टर, वर मोठ्या अक्षरांत 'वैद्यकीय तपासणी'. काका परत आल्यावर मी त्यांना विचारलं, हे बघून काय वाटतं?

"ता इकाम्याच्या, हितल्या ऱ्हायच्या परवान्याच्या, मेडिकलसारखा दिसता. त्यात फेल झाला की मानूस सरळ घरी. मंग आपन होऊन कोन जानार? हात दाखवून अवलक्षण!"

मला आमच्या ऑफिसातली आंटी आठवली. तिकडेही वडीलधाऱ्या बाईला सगळे आंटीच म्हणतात. मी नोकरीला लागले तेव्हा तिने माझा लॅपटॉप मिटून ठेवला होता. ज्यांच्यासाठी चित्र काढायचं त्यांच्याबरोबर आधी चहा प्यायचा, आणि कोणाचंही काहीही काढायचं तर त्याला विचारायचं, हा तिथला नियम.

म्हणून दुसऱ्या दिवशी बसने मिरकाबला गेले. काकांच्या खोलीत कढत चहा झाला, गावच्या गप्पा झाल्या. शुक्रवारी सकाळी कशासाठी उठाल, असं विचारल्यावर एकमुखाने उत्तर आलं: घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ. तिथेच कागदावर तवा काढला. शेजारी काकांचा हात काढला, बीपीचा पट्टा बांधलेला.

"फोटो नको हां ताई," काका घाबरले. "व्हॉट्सॲपवर गेला की गावात बोंब. बायको रडत बसंल."

"फक्त हात. चालेल?"

करवतीने कधीकाळी वाकडी झालेली त्यांची करंगळी मी सरळ काढली होती. त्यांनी कागद जवळ ओढला. "करंगळी वाकडीच काड. नायतर माजी वाटायची नाय."

खाली लिहिलं: 'शुक्रवारी घावणे खायला या. बसल्या बसल्या बीपी बघू. रिपोर्ट तुमच्याच हातात, कंपनीला कळवत नाही.'

शुक्रवारी तपासणीच्या हॉलमध्ये खुर्च्या कमी पडल्या. जो तो पोस्टरवरची करंगळी ओळखून हसत आत येत होता. काका मात्र सकाळपासून तव्यामागे! घावण्यावर घावणे काढताहेत, पट्ट्याच्या वाटेला जात नाहीत. शेवटी कोणीतरी ओरडलं, "काकानू, हात तुमचा आनि तपासनी आमची?" सगळे हसले. काकांनी उलथनं खाली ठेवलं आणि वहिनीसमोर येऊन बसले.

आकडा बघून वहिनीने पट्टा पुन्हा बांधला. आकडा तोच आला.

"परत पाठवतील?" काकांनी हळूच विचारलं.

"बीपीसाठी कोणी परत पाठवत नाही. रोज गोळी घ्यायची. उद्या मी स्वतः तुम्हाला डॉक्टरांकडे नेते."

त्यांनी मान हलवली आणि उरलेलं पीठ संपवायला तव्याकडे गेले. मी चार घावणे खाल्ले. सुखाने पोट फुटायची वेळ आली होती.

परतताना बॅगेत खजूर, वहिनीचा मसाला आणि एक गुंडाळलेलं पोस्टर होतं. सोमवारी आंटीने ते टेबलावर पसरलं. रंगांबद्दल अवाक्षर नाही.

"हा कोणाचा हात?"

मी सांगितलं.

"त्याला विचारलंस?"

"हो. करंगळी त्यांनीच वाकडी करून घेतली."

"तो आता कसा आहे?"

मी फोन पुढे केला. त्याच सकाळी काकांनी स्वतःच फोटो पाठवला होता. दंडाला पट्टा, आणि या वेळी चेहऱ्यासकट, दात काढून हसताना. खाली लिहिलं होतं: 'बायकोला पन पाठवलाय.'