हात जात नाही तिथला सेन्सर

नवी गाडी घेतलेल्या माणसाला विचारा, "कशी काय गाडी?" तो म्हणतो, "मस्त!" झालं, विषय संपला. सांगायला त्याच्याकडं दुसरं काही नाहीच! आमच्या गाडीचं विचारा, मी उभ्याउभ्या तुमचा चहा गार करतो. जुनी गाडी जेवढी पळते ना, त्याच्या दुप्पट किस्से जमवून ठेवते.

उभ्याउभ्या म्हणालो, कारण बसून बोलणं मला जमत नाही. आमची बैठक नांदेडला, बालाजीच्या खताच्या दुकानात. बालाजी माझा शाळेपासूनचा दोस्त. अंगानं आडवा, हात म्हणजे फावडं. दुसरे शेखभाई, कॉलेजात फिजिक्स शिकवतात. तिसरा मी, विम्याचं काम करणारा, पोत्यांच्या मधून येरझारा घालणारा. बालाजी सारखा ओरडतो, "दिगू, बस की बाबा! तुला बघून माझं बीपी वाढून राहिलंय!"

* * *

गाडीचा आजार साधा होता. गार असली की घोडी. तापली की जागेवर बंद! मग बॉनेट उघडून उभं राहायचं, गार झाली की परत चालू.

एकदा हदगावहून येताना ती बरोबर एका लग्नाच्या मांडवासमोर बंद पडली. मी आणि बालाजी खाली उतरतो न उतरतो तोच एक फेटेवाले काका धावत आले. "या या, पाहुणे! लई उशीर केला!"

मी म्हणतोय, "अहो, आम्ही..." बालाजीनं माझा हात दाबला. टोपी-टावेल मिळाला, पंगतीला बसवलं, पानात जिलबी आली. माझं सगळं लक्ष गाडीकडं.

काकांना संशय आला असावा. वाकून त्यांनी हळूच विचारलं, "पाहुणे, नवरदेवाकडचे का नवरीकडचे?"

बालाजी जिलबी चावत म्हणाला, "गाडीकडचे!"

तेव्हापासून गाडी बंद पडली की बालाजी आधी बॉनेट उघडत नाही. कुठं बँड वाजतोय का ते ऐकतो.

* * *

हे असं हसण्यावारी चाललं होतं, तोवर उदगीरहून फोन आला.

उदगीरला माझ्या सासूबाई एकट्याच राहतात. मी त्यांना मामी म्हणतो. माझी बायको मंगल ही त्यांची एकुलती एक. मामींच्या डोळ्यांत मोतीबिंदू, पार पिकलेला. लातूरच्या डॉक्टरांनी सोमवारी सकाळची वेळ दिली होती आणि बजावलं होतं, आता आणखी लांबवलं तर डोळे हातचे जातील. मामी मागं एकदा दवाखान्याच्या दारातनं परत आलेल्या. या वेळी त्यांची अट एकच, "मंगल जवळ असल्याबिगर डोळ्याला हात लावू देणार न्हाई!"

म्हणजे रविवारी संध्याकाळपर्यंत उदगीर गाठायचं आणि सोमवारी सकाळी त्यांना घेऊन लातूरला जायचं. एसटीनं जावं तर मंगलला बस लागते, कंधार येईपर्यंत ती आडवी होते. भाड्याची गाडी करू म्हटलं तर मामी कडाडल्या, "कुणाचा कोण ड्रायवर! मी बसत न्हाई!"

मी फोन घेतला. "मामी, मग आपल्याच गाडीनं येतो."

पलीकडनं मामी म्हणाल्या, "त्यापरीस चालत या. लवकर पोचाल."

मी हसलो. मंगल हसली नाही. तिचे डोळे भरून आले होते. "अहो, आईला माझं तोंड दिसंल ना परत?" एवढंच म्हणाली. माझं जेवणातलं लक्षच उडालं.

* * *

आमच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा एक पिवळा दिवा लागायचा. लागायचा म्हणजे, बालाजीनं त्यावर काळी टेप चिकटवेपर्यंत दिसायचा.

शेखभाईंनी मोबाईलला जोडायचं एक छोटं यंत्र आणलं, गाडीला लावलं आणि जाहीर केलं, "कॅमशाफ्ट सेन्सर."

"म्हंजे?" बालाजीनं विचारलं.

"इंजिनात एक दांडा फिरतो. तो कुठवर फिरला ते हा सेन्सर गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतो. तापला की हा गप्प बसतो. मग कॉम्प्युटरला काही कळत नाही, म्हणून इंजिन बंद."

बालाजीनं मान हलवली. "आमच्या घरात बी असंच हाय. बायको गप्प बसली की समदंच बंद पडतंय."

मग शेखभाईंचं लक्ष टेपकडं गेलं. ते भडकले. "दिव्यावर टेप? ये किस अकलमंद का काम है?"

"माझं," बालाजी छाती काढून म्हणाला. "म्हणून तर इतके दिवस गाडीला काई झालं न्हाई!"

आमचा मिस्त्री पुतण्याच्या लग्नासाठी उमरीला गेलेला, बुधवारशिवाय येणार नव्हता. दुसऱ्या गॅरेजवाल्यानं आत बघितलं आणि म्हणाला, गाडी सोडून जा, आठवडाभरानं बघू. शेखभाई म्हणाले, "अरे, एक बोल्ट, एक वायरीचा प्लग. अर्ध्या घंट्याचं काम. घरीच करू!" नवीन सेन्सर ते स्वतःच दुकानातून घेऊन आले. आणि रविवारी सकाळी आमच्या दारात बॉनेट उघडलं.

* * *

सेन्सर कुठं होता, माहितीय? इंजिनाच्या पाठीमागं, काचेखालच्या पत्र्याला चिकटून. वरून दिसत नाही, खालून पोचत नाही. ज्यानं तो तिथं बसवला त्यानं आधी सेन्सर ठेवून त्याच्याभोवती गाडी बांधली असणार!

मी हात घातला, मनगटाशी अडला. शेखभाईंचा कोपराशी आला, पण बोटं वळेनात. बालाजी म्हणाला, "सरका, हे ताकदीचं काम हाय." त्यानं आपल्या हाताचं फावडं आत घातलं. गेलं! आम्ही टाळ्या वाजवल्या.

मग ते बाहेर येईना.

खोबरेल तेल ओतून झालं, साबणाचं पाणी झालं. बालाजी इंजिनावर पालथा, शेखभाई त्याच्या खांद्याला धरून ओढतायत, मी अंगणात गोल गोल फिरतोय. तेवढ्यात एक गिऱ्हाईक त्याला शोधत आलं. "बालाजीशेठ, खताचं एक पोतं पायजे होतं."

बालाजी पालथा पडूनच म्हणाला, "खिशात चावी हाय, काढ. दुकान उघड, पोतं घे, शटर ओढ, चावी आणून दे."

तो गेला. चावी द्यायला परत आला तेव्हा बरोबर आणखी चौघं होते. मी विचारलं, "यांना पण खत पाहिजे का?"

"न्हाई," तो म्हणाला. "ह्यांना शेठ बघायचेत."

* * *

बालाजी एकदाचा सुटला. कातडी थोडी आतच राहिली. मग शेखभाईंनी लांब दांडीचा पाना लावून बोल्ट सैल केला, आणि पान्याच्या टोकाची, बोल्टवर बसते ती गोटी निसटली. टण्ण असा एक आवाज आला, पण ती खाली जमिनीवर काही पडली नाही.

"सबर करो," म्हणत शेखभाई स्कूटरवरून गेले आणि लॅबमधला लोहचुंबक घेऊन आले. दोरी बांधून ते इंजिनात गळ टाकून बसले. मी दर मिनिटाला घड्याळ बघतोय. पहिल्यांदा एक गंजका नट आला. मग केसातली पिन. मग एक आख्खा पाना! आमचा नव्हे, गाडीच्या आधीच्या मालकाच्या मिस्त्रीचा असणार. आमची गोटी सोडून सगळं वर येत होतं.

बालाजी हाताला हळद लावून बघत बसला होता. म्हणाला, "शेखभाई, जरा अजून खोल सोडा. माझी पैली स्कूटर बी ह्याच रस्त्यावरनं चोरीला गेलीय."

* * *

ऊन डोक्यावर आलं. मंगल सकाळपासून बॅग भरून उंबऱ्यात उभी होती. मामींचा फोन आला की "निघालोच, आई" म्हणायची, आणि आमच्याकडं बघायची. ते बघणं मला सोसवत नव्हतं.

शेवटी ती खाली उतरली. "सरका तिघंबी."

"वहिनी, तुम्ही?" शेखभाई म्हणाले.

मंगलनं हातातल्या काचेच्या बांगड्या एकेक करून काढल्या, पान्यांच्या डब्यात ठेवल्या. पदर खोचला. बांगडी भरताना करतात तसा अंगठा तळहातात दुमडून हात चिंचोळा केला आणि आत घातला. सरसर गेला की हो!

शेखभाई बाजूला उभं राहून सांगायला लागले, "घड्याळाच्या उलट्या दिशेनं फिरवा, म्हणजे असं बघा..."

"भाऊजी, अंधारात मिसळणाच्या डब्यातली मोहरी माझ्या बोटाला कळते. बोल्ट कळंना का?"

बोल्ट कळला. प्लग मात्र चुकला! तिनं शेजारचाच ओढला, मग तो परत बसेना, मग तिनं आमच्या गाडीला, गाडी बनवणाऱ्याला आणि मला अशा काही शिव्या घातल्या की बालाजी उठून उभा राहिला. पण काढला तिनं. नवीन सेन्सरच्या रबरी रिंगेला गोडं तेल लावून बसवला, बोल्ट आवळला, प्लग टक्कन लावला. हात बाहेर आला तो कोपरापर्यंत काळा आणि मनगटावर ओरखडेच ओरखडे.

मी चावी फिरवली. पहिल्या झटक्यात चालू!

मला नाचावंसं वाटलं. मंगल म्हणाली, "नाचू नका. चला!"

* * *

रस्त्यात मी गाडी बंदच केली नाही. काय करणार, तिचा भरवसाच नव्हता! कंधारच्या पुढं मंगल एकदम दचकली. "अहो, बांगड्या! भाऊजींच्या डब्यातच राहिल्या!"

"उदगीरला नव्या घेऊ."

"आधी आई. मग बांगड्या."

जळकोटला चहाला थांबलो. मंगल गाडीत, इंजिन चालू, मी बाहेर उभा. टपरीवाला म्हणाला, "साहेब, गाडी बंद करा की, उगं तेल जळून राहिलंय."

मी म्हटलं, "बंद केली आणि परत चालू झाली नाही, तर तुमच्याकडंच मुक्काम."

त्यानं चहाचे पैसे आधीच मागून घेतले.

* * *

मामींचं ऑपरेशन झालं, छान झालं. आता त्या सुईत दोरा ओवतात. पण त्या रविवारी संध्याकाळी उदगीरला जे झालं, ते मी अजून मामींसमोर काढत नाही.

मामींची गल्ली अरुंद, गाडी आत जात नाही. मंगलला दम कुठला! गाडी थांबायच्या आत उतरली आणि पळत सुटली. मी तोंडाशीच गाडी लावत होतो. पुढं घे, मागं घे, एक बैल मधे बसलेला.

आत काय झालं ते नंतर कळलं. आईला बघितलं आणि मंगलचा दिवसभराचा बांध फुटला. "आई गं!" म्हणून ती गळ्यात पडून हुंदके द्यायला लागली. बोलायला शब्द फुटेना. मामींना दिसत नाही. त्यांनी सवयीनं लेकीचे हात हातात घेतले, चाचपले. दोन्ही मनगटं मोकळी! आणि जावयाचा आवाज कुठंच नाही!

मी बॅग घेऊन गल्लीत शिरलो तो घरातनं हंबरडा! वाटलं, मामींनाच काही झालं. पळत दाराशी आलो, तर दारात ही गर्दी. आत बायका जमलेल्या, शेजारची काकू कानडीत "येनायतु? येनायतु?" करत काय झालं ते विचारतेय, मंगल "आई, अगं ऐक, ऐक की!" म्हणून ओरडतेय, आणि तिचं कुणी ऐकत नाही. मधोमध मामी ऊर बडवतायत.

"असा कसा गेला गं माझा जावईऽऽ! लाख माणूस हुता गंऽऽ! कदी उलटून बोलला न्हाई गंऽऽ! माझ्या लेकीला फुलावानी ठिवलं गंऽऽ! गाडी भंगार हुती गं त्याची, पण माणूस सोनं हुतं गंऽऽ!"

लग्न झाल्यापासून या बाईनं मला "जेवलात का" याच्यापलीकडं एक बरा शब्द दिलेला नाही. मी बॅग हळूच खाली ठेवली. मंगलनं बायकांच्या डोक्यावरून मला बघितलं आणि डोळे वटारून खुणावलं, आत या!

मी भिंतीला टेकून उभा राहिलो.

शेजारी एक म्हातारेबुवा धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होते. माझ्याकडं वळून म्हणाले, "लई चांगला माणूस हुता म्हणं."

मी म्हणालो, "हाव. मला पण आत्ताच कळालं."