गिड्डा भारी, कबूल?

आमच्या दादाचा आवाज असा होता की चांद्याच्या जत्रेत त्यानं कुस्तीची जोड पुकारली की कासारसाईच्या धरणातले मासे दचकून काठावर यायचे. त्या दिवशी तिथं जाळं लावायची गरज नसायची, पाटी घेऊन जायचं आणि वेचून आणायचे. हे मी आजवर पुष्कळांना सांगितलं आहे आणि एकानंही मला खोटं पाडलेलं नाही. दादाच्या आवाजापुढं कुणाची हिंमत.

दादा माझा थोरला चुलतभाऊ. मुळशीतल्या जत्रांमध्ये तो जोडी लावणारा पंच होता. कुस्ती लढणारे बघायला सगळे येतात, पण कुणाशी कुणाला लढवायचं हे कुणीतरी ठरवावं लागतं, आणि ते ठरवायला काटा-वजन नसतं. पैलवान लंगोट लावून समोर उभा राहिला की दादा त्याची मान चाचपायचा, पाठीवर थाप मारायचा, त्याला चार पावलं चालायला लावायचा. मग दुसरा पैलवान बघायचा. पटलं की दोघांचे हात धरून वर करायचे, आखाड्यात फेरी मारायची आणि दोघांनाही सगळ्यांदेखत विचारायचं, "कबूल?" तो म्हणाला कबूल, हा म्हणाला कबूल, की विषय संपला. त्यानंतर पोटात दुखतंय म्हणून चालत नसे. चार माणसांसमोर तोंडातून गेलेला होकार म्हणजे आमच्याकडं दगडावरची रेघ, आणि ती वर्षानुवर्षं दादानंच ओढलेली.

मग आमच्या बांधाला लागून असलेल्या रानात टर्फ आलं. ज्या वावरात इंद्रायणी भाताचा वास सुटायचा तिथं प्लॅस्टिकचं गवत अंथरलं, चहूबाजूंनी जाळी लावली, आणि संध्याकाळी कंपन्या सुटल्या की हिंजवडीची पोरं रंगीत बनियनी घालून तिथं फुटबॉलमागं धावायला लागली. दादा बांधावर बसून त्यांना मापायचा. "ह्याला दम न्हाई. त्याचं ढुंगण जड हाय. ह्यो पडला की आईला हाक मारतुया." टर्फवाल्यानं चहाच्या छपरीत मोठा टीव्ही लावला, त्यावर परदेशातल्या धंदेवाईक खेळाडूंचे सामने दिसायला लागले, आणि दादा बांधावरून उठून छपरीत आला तो तिथलाच झाला.

त्या खेळाडूंची नावं आम्हा दोघांच्या जिभेला वळायची नाहीत. म्हणून आम्ही आमची नावं ठेवली. एक बुटका होता, चेंडू पायाला डिंकानं चिकटवल्यासारखा घेऊन पळायचा, तो गिड्डा. दुसरा उंचापुरा, गोलासमोर असा उडायचा की खाली यायला सवडीनं यायचा, तो लंबू. गिड्डा माझा. लंबू दादाचा. बायका वाटून घेतल्या नसतील कुणी इतकं पक्कं आम्ही त्या दोघांना वाटून घेतलं.

"दादा, चार जणांच्या मधनं काढतोय बघ. आंधळा असलास तरी दिसंल."

"चार जणं बाजूला झालीत म्हणून निघाला. त्याची मान बघ. कोंबडीची मान. खांद्याला खांदा लागला की जातंय लोळत."

"लागू तर दे खांदा! सापडला तर लागंल ना."

"पळपुट्या पैलवान आमी आखाड्याबाहेर काढायचो."

दादाच्या लेखी तुलना म्हणजे जोड. आखाड्यात उभे करता येतील असेच दोघे मापायचे. गोलकीपरची तुलना गोलकीपरशीच. मागं खेळणारा पुढच्याशी लावायचा नाही. गोल किती मारले, बक्षिसं किती मिळाली, असलं कुणी काढलं की तो हात झटकायचा. खेळाडू पडल्यावर उठतो कसा हे तो बघायचा. उजवा पाय बंद केला तर डावा काय करतो हे बघायचा. शेवटी शेवटी बाकीचे कमरेवर हात ठेवून उभे असताना कोण पळतो हे बघायचा. आणि एवढं सगळं नीट बघून निकाल मात्र साफ चुकीचा द्यायचा: लंबू भारी.

आमचं हे भांडण वर्षानुवर्षं चाललं. टर्फवाला सांगतो की आम्हा दोघांच्या आवाजानं त्याच्या प्लॅस्टिकच्या गवताला फुलं आली होती. मी त्याला खोटं पाडलं नाही. दादानं माझ्या गिड्ड्याला एकदाही, चुकूनही, बरं म्हटलं नाही. सणावाराला नाही, माझ्या मुलीच्या लग्नात मी पाया पडलो तेव्हासुद्धा नाही. आशीर्वाद दिला आणि वर म्हणाला, "बाकी, लंबू भारी."

गेल्या भातलावणीच्या आधी दादाला लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि आवाज गेला. दवाखान्यातून घरी आणला तेव्हा ओसरीवरच्या खाटेवर तो भिजलेल्या पोत्यासारखा पडला होता. मी आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यासमोर हळू बोललो.

मग एके सकाळी वैनीनं त्याला विचारलं, "च्या प्यायचा का?" आणि दादा म्हणाला, "व्हय."

वैनी गल्लीभर धावली. ज्या बाईनं नवऱ्याच्या आवाजाला कंटाळून कानात कापूस घातला होता ती एका व्हयपायी देवाला नारळ फोडून आली. त्यानंतर ती दिवसभर त्याच्याशी बोलायची. भाकरी गोड लागली का? व्हय. उजेड डोळ्यावर येतुया का? व्हय. मला वळखलं का? व्हय. "भावजी, सगळं कळतंय बगा त्यांना," ती मला म्हणायची. मी मान हलवायचो.

फुटबॉलचं मी काढलं नाही. खाटेशेजारी बसून मी पावसाचं बोलायचो, रस्त्याचं बोलायचो. लंबूचं नाव काढायचा धीर होत नव्हता.

दादाचं ओढ्याकाठचं रान राहिलं होतं, टर्फला लागून. बाजूची सगळी रानं बिल्डरांकडं गेली, दादानं ते दिलं नाही. मागायला आलेला बिल्डर दादाच्या एका आरोळीत गाडीची किल्ली विसरून पळाला. पोरगा म्हणजे माझा पुतण्या वाईट नाही. रोज कंपनीच्या बसगाड्या फिरवतो, थकून येतो, आणि बापाचं औषधपाणी करतो. पण त्याला ते रान द्यायचं होतं. त्यानं एका रविवारी गावातली चार वडीलधारी माणसं ओसरीवर बोलावली, मलाही बोलावलं, आणि खाटेशेजारी वाकून म्हणाला, "बाबा, वड्याकाठचं रान द्यायचं. कबूल?"

"व्हय," दादा म्हणाला.

चारही म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. एकानं टोपी काढून परत घातली. "झालं तर मग. त्येंनी स्वतः म्हटलं. आखाड्यात त्येंनी कुणाचं कबूल मोडू दिलं न्हाई, त्येंचं आमी कसं मोडायचं?" पुतण्याचा चेहरा सैल झाला. वैनी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिच्या तोंडावर रानाचं दुःख नव्हतं, नवऱ्याला चार माणसांत विचारलं गेलं ह्याचा अभिमान होता.

मी उठलो. खिशातून फोन काढला आणि त्यावर गिड्ड्याचा फोटो लावला. पुतण्याचा फोन घेऊन त्यावर लंबू लावला. दोन्ही हातांत दोन फोन धरून वर केले आणि जत्रेत दादा मारायचा तशी खाटेभोवती फेरी मारली. म्हाताऱ्यांना वाटलं मलाही झटका आला.

"नाना, काय चालवलंय?" पुतण्या म्हणाला.

"जोड लावतोय. दादा, हिकडं बघ. हा गिड्डा, हा लंबू. गिड्डा भारी. कबूल?"

आमचं भांडण माहीत नव्हतं असं तिथं कुणीच नव्हतं.

"व्हय," दादा म्हणाला.

माझं अख्खं आयुष्य मी त्या शब्दाची वाट बघत होतो. तो आला तो असा. मी थांबलो नाही. "लंबू भारी, कबूल?" व्हय. "टर्फवाल्याचा गोलपोस्ट दोघांपेक्षा भारी, कबूल?"

"व्हय."

बोलताना दादाची मान ताठ झाली होती आणि चांगला असलेला डावा हात खाटेच्या पट्टीवर घट्ट आवळला होता. ते मी पाहिलं. त्याचा अर्थ लावायला सवड नव्हती. मी म्हाताऱ्यांकडं वळलो. "ह्या व्हयवर तुमी रान देणार का?"

म्हातारे उठले. चपला घालताना कुणी कुणाकडं पाहिलं नाही. पुतण्या फोन मागून घेऊन आत निघून गेला. रान वाचलं असं मला वाटलं, आणि मी जिंकल्यासारखा वळलो, तर वैनी चौकट सोडून खाटेपाशी आली होती. ती त्याच्या तोंडाजवळ वाकली.

"मला वळखलं का वं?"

"व्हय."

"मी कवाच मेले. व्हय का?"

मी म्हणालो, "वैनी, नको." तिनं ऐकलं नाही.

"व्हय," दादा म्हणाला.

ती सरळ झाली, पदरानं त्याचं तोंड पुसलं आणि आत गेली. त्यानंतर तिनं त्याला काही विचारणं सोडून दिलं. चहा द्यायची, भरवायची, कूस बदलायची, सगळं गप. तिचं घर असं शांत झालं की मला ओसरीवर बसून भिंतीतली वाळवी ऐकू यायची. हे मात्र मी वाढवून सांगत नाही.

पुतण्या पुढच्याच आठवड्यात वकिलाकडं गेला. वकील म्हणाला, वडिलांना कळत नाही असं असेल तर कोर्टाकडून मुलाला त्यांचा पालक करून घेता येतं, मग कोर्टाच्या परवानगीनं रानाचंही बघता येतं. साक्षीदार लागेल. पुतण्या अगदी अदबीनं माझ्याकडं आला. "नाना, तुमीच समद्यांसमोर दाखवलंय. तेवढंच तिथं सांगायचं." मी त्याला काय सांगणार? गाव साक्षीला होतं.

दवाखान्यातून दादाला बोलायला शिकवणारी एक बाई येते. मी तिला रस्त्यावर गाठलं आणि झालं ते सगळं सांगितलं. गोलपोस्टचं ऐकून ती हसली नाही.

"यावरून त्यांना कळत नाही असं ठरत नाही," ती म्हणाली. "अशा आजारात कधी कधी एकच शब्द शिल्लक राहतो. मनात 'नाही' असलं तरी ओठांवर तोच येतो. त्यांना कदाचित सगळं कळत असेल. कदाचित नसेलही. पुढच्या वेळी शब्द सोडा, हात बघा."

मला तो आवळलेला डावा हात आठवला. मी तसाच उलट पावली निघालो आणि म्हटलं, वैनीला आधी सांगू. इतकी चांगली बातमी त्या घरात कित्येक दिवसांत गेली नव्हती.

वैनी मोरीपाशी दादाची कापडं पिळत होती. मी एका दमात सांगून टाकलं. त्याला कळत असेल, वैनी. आत न्हाई म्हणत असेल आणि बाहेर व्हय येत असेल.

तिनं पिळा हातात तसाच धरला. त्यातून पाणी गळत राहिलं.

"म्हंजी मी इचारलं ते कळलं त्यांना? मी मेले का, ते?"

मी तिच्या हातातला पिळा घ्यायला गेलो, तिनं दिला नाही.

"समदं कळत हुतं, आन् तोंडातनं ते निघालं. आन् मी उठून आत गेले." ती एवढंच म्हणाली आणि कापड बादलीत टाकून ओसरीवर गेली. मी मागोमाग गेलो. दादा छताकडं बघत होता. ती खाटेच्या कडेला बसली, त्याचा डावा हात आपल्या ओल्या हातांत घेतला आणि काही विचारलं नाही, फक्त सांगितलं.

"मी हाय बरं का. हितंच हाय."

"व्हय," दादा म्हणाला.

ती त्याच्या हाताकडं बघत बसली. हात हलतोय का, आवळतोय का, झटकतोय का. मीही उभा राहून बघत होतो. तिचे हात थरथरत होते, त्यामुळं त्याचा हलला की नाही हे दोघांनाही कळलं नाही.