झोपेतल्या टाळ्या

दुपारच्या आरतीसाठी झांजा हातात घेतल्या की मला ती गाडी आठवते आणि अजूनही डोकं फिरतं.

ईशा तेव्हा दीड वर्षाची होती. शॉमबर्ग गावात एका मित्राकडचा सत्यनारायण आटोपून आम्ही घरी निघालो होतो. तिची झोपेची वेळ केव्हाच टळली होती. कारसीटमध्ये तिची मान कलंडली, तशा तिच्या शेजारी बसलेल्या सासूबाई ओरडल्या, "अरे, झोपू देऊ नका तिला! आत्ता झोपली तर रात्रभर जागवेल."

"आई, मुलं फार दमली की उलट रात्री नीट झोपत नाहीत. डॉक्टरांनी सांगितलंय," मी म्हणाले.

नवऱ्याने मात्र आईचं ऐकलं आणि आरतीची सीडी मोठ्याने लावली. आरती लागली की टाळ्या वाजवायच्या, हे आम्हीच तिला शिकवलं होतं. पोरीचे डोळे मिटलेले, मान खांद्यावर, आणि इवलेसे हात टाळ्या वाजवतायत.

"बघ!" सासूबाई खूश. "हिला कुठे झोप आलीय?"

घरी पोचल्यावर तिने भोकाड पसरलं. मग दृष्ट लागली म्हणून मीठ-मोहऱ्याही ओवाळून झाल्या.

आज तीच ईशा कॉलेजातून सुट्टीला आलीय आणि वरच्या खोलीत गाढ झोपलीय. मी झांजा वाजवणार, तेवढ्यात सासूबाईंनी माझा हात धरला.

"हळू गं! झोपू दे पोरीला. झोप अपुरी झाली की किती चिडचिड होते माणसाची, तुला कळत कसं नाही?"