तळहातावरची रम

त्या दिवशी तिकडे, बार्बाडोसला मुलीकडे, ऊन होतं आणि पाऊसही होता, दोन्ही एकाच वेळी. समुद्रावरून ढग यायचा, माणूस छत्री उघडेपर्यंत पाऊस संपलेला असायचा आणि रस्ता वाळायच्या आत दुसरा ढग हजर. बडोद्यात असं नसतं. बडोद्यात ऊन म्हणजे ऊन. मी जावयाच्या गाडीत मागे बसलो होतो, टोपी मांडीवर, आणि मनात म्हणत होतो, या आभाळाचं काही एक ठरत नाही बुवा. संध्याकाळपर्यंत माझंही तेच झालं.

बडोद्याच्या समा भागातल्या आमच्या सोसायटीत दत्ताचं लहानसं देऊळ आहे आणि देवळासमोर एक सिमेंटचं बाकडं. त्या बाकड्यावर किस्से साचतात. मी जन्मभर नागरवाड्यात पिठाची गिरणी चालवली. संध्याकाळी कितीही झाडलं तरी सकाळी सांदीकोपऱ्यात पीठ दिसायचंच. हे किस्से तसेच आहेत. पूर्वी ते बहुतेक दुसऱ्यांचे असायचे, म्हणून सांगायला मजा यायची. आता बरेचसे माझेच आहेत.

* * *

बाकड्यावर आम्ही तिघं असतो. मी, दिगंबरराव आणि रमणभाई. दिगंबरराव मोठ्या कचेरीत साहेब होते. रिटायर झाले तरी समोरच्या माणसाला अजून फाइलसारखं उघडून बघतात. रमणभाईंचं रावपुऱ्यात चष्म्याचं दुकान, ते आता मुलगा बघतो.

माझी मुलगी माधुरी आणि जावई नितीन बार्बाडोसला असतात. वेस्ट इंडीजमधलं एक बेट आहे ते. बायको गेल्यापासून माधुरीचं चालूच होतं, "बाबा, महिनाभर तरी या." शेवटी तिनं तिकीटच पाठवलं.

दिगंबरराव म्हणाले, "गोविंदराव, जपून हं. तिकडे रमचे कारखाने आहेत. पाहुणा आला की पाण्याच्या आधी रम."

"आपण नाही शिवणार," मी म्हणालो. "दर गुरुवारी या हातानं तीर्थ देतो मी."

कोणी मला विचारलं नव्हतं. मीच आपला उजवा हात वर करून दाखवला. शेजारच्या कोकिलाबेन देवळाची पायरी पुसत होत्या. त्यांनी मान वर करून तो हात नीट बघून घेतला.

रमणभाई जरा सरकून जवळ आले. जन्म गुजरातेत, सगळं वय दारूबंदीत गेलेलं. हळूच म्हणाले, "काका, आणायचं तर काही नाही, नाहक लफडं होईल. फक्त वास कसा असतो तो लक्षात ठेवा ने. आल्यावर सांगा."

* * *

तीर्थाचं आधी सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

गुरुवारच्या आरतीनंतर तीर्थ द्यायचं काम माझ्या बायकोचं. तांब्याची पळी तिच्या माहेरची. ती गेल्यावर पुजारी म्हणाले, "काका, आता तुम्हीच द्या." मला मंत्र येत नाहीत, शाळाही धड झाली नाही. पण पळी भरायची आणि समोरच्याच्या तळहाताच्या खळग्यात अलगद सोडायची, एवढं जमतं. दिगंबररावांसारखी माणसंसुद्धा माझ्यापुढे वाकतात, हात पुढे करतात, पितात आणि ओला हात डोक्यावरून फिरवतात. एरवी मी साधा गिरणीवाला. तेवढ्या वेळापुरता मी कोणीतरी असतो.

रांगेत पहिला नंबर कोकिलाबेनचा. त्या गुजराती, पण आमच्यात राहून मराठी छान बोलतात, मधूनमधून आपले गुजराती शब्द घालून. बाई फार कडक. पळी जराशी जास्त कलली की हात मागे घेतात. "बस काका, वधारे नको." वधारे म्हणजे जास्त. प्रसादाचा पेढा दिला तर अर्धा मोडून परत करतात, वधारे नको. सोसायटीत कोणाच्या घरी जेवायला गेल्या तरी ताटावर हात आडवा धरून तेच. त्यांनी कधी काही जास्त मागितलेलं मी तरी ऐकलं नव्हतं.

* * *

नितीन म्हणाला होता, "बाबा, उसाचा कारखाना दाखवतो." ऊस म्हटल्यावर मी खुशीत निघालो.

फाटकापाशी एका मुलीनं माझ्या मनगटाला कागदी पट्टा बांधला. दवाखान्यात बांधतात तसा. मग ती गंभीर चेहरा करून काहीतरी म्हणाली. माधुरी तोंडाला पदर लावून हसायला लागली. पदर नव्हता, ओढणी होती.

"बाबा, ती विचारतेय, अठरा पूर्ण आहेत ना?"

"कसले अठरा?"

"वर्षं. त्याच्या खालच्यांना इथे पाजत नाहीत."

तेव्हा मला कळलं कारखाना कशाचा आहे ते. मला मागे फिरता आलं असतं. पण मुलगी हौसेनं आली होती. म्हटलं, बघायला काय हरकत आहे? बघणं म्हणजे काही शिवणं नव्हे. माणूस स्वतःला किती पटकन पटवतो.

* * *

दाखवायला एक पर्लबाई होत्या. उंच, भारदस्त, केस पांढरे, वय माझ्याच आसपास. त्यांचं बोलणं नितीन मला मराठीत सांगायचा.

त्यांनी आधी उसाची मळी दाखवली, काळी आणि दाट. मग ती आंबायला घातलेल्या टाक्या. इडलीचं पीठ उन्हाळ्यात फसफसतं तशा फसफसत होत्या. मग तांब्याची भांडी, माणूस आत उभा राहील एवढी मोठी. तांबं घासूनपुसून लख्ख. ते बघून मला उगाचच बरं वाटलं.

शेवटी पिंपांची खोली. दगडी भिंती, अंधार, गारवा, आणि जुन्या लाकडाचा गोडसर वास. सगळे आपोआप हळू बोलायला लागले. मी चार पावलं आत गेलो आणि मग बघतो तर सगळ्यांच्या पायांत बूट आहेत, अनवाणी एकटा मी. चपला मी दाराबाहेर काढून ठेवल्या होत्या!

पर्लबाईंच्या ते लक्षात आलं. त्या मागे गेल्या, वाकल्या, माझ्या चपला हातात घेऊन आल्या आणि माझ्या पायांपुढे ठेवल्या. "खाली काच असते," म्हणाल्या. माझ्या वयाची बाई माझ्या चपला उचलते, आणि लोक उभे राहून बघतात. मान खाली घालून मी हात जोडले. त्यांना वाटलं असेल आमच्याकडे अशीच पद्धत आहे. त्यांनीही जोडले.

मग त्यांनी एका पिंपावर हात ठेवून सांगितलं की यातली थोडी रम दरवर्षी हवेत उडून जाते. तो देवदूतांचा वाटा म्हणे.

नितीननं मला सोपं करून सांगितलं, "बाबा, देवाचा नैवेद्य समजा."

हे त्यानं सांगायला नको होतं.

* * *

चव घ्यायच्या खोलीत आम्हाला एका ओळीत उभं केलं. पर्लबाई लहानसं भांडं घेऊन आल्या आणि म्हणाल्या, हात पुढे करा. तळहातावर थेंबभर रम घालायची, दोन्ही हात एकमेकांवर चोळायचे आणि वास घ्यायचा, अशी तिकडची रीत. हे त्यांनी आधी सांगितलं होतं. पण नितीन तेव्हा फोन धरून व्हिडिओ काढत होता, आणि मला सांगायचं राहून गेलं.

देवळासारखी गार खोली बघून आलेलो. तांबं बघितलेलं. नैवेद्य ऐकलेला. पुढे एक वयस्क बाई, हातात भांडं, आणि आम्ही रांगेत.

मी डावा हात उजव्याखाली धरला. खळगा केला. डोळे मिटले. ओठाला लावलं, प्यालो, आणि ओला हात डोक्यावरून फिरवला.

मग घसा पेटला आणि डोळे उघडले.

माधुरी पांढरी पडली होती. पर्लबाईंनी मात्र माझ्याकडे बघितलं, मान हलवली, आणि बाकीच्यांना म्हणाल्या की या गृहस्थांसारखं करा, हे जास्त बरं आहे. झालं. रांगेतल्या सगळ्या गोऱ्या मंडळींनी खळगे केले, डोळे मिटले आणि ओठाला लावले. एका जाड्या साहेबांनी तर डोक्यावरची टोपी काढून बगलेत धरली, टकलावरून हात फिरवला आणि मग पुन्हा टोपी घातली.

इथपर्यंत चूक म्हणून सोडून देता येईल. पण पर्लबाई दुसरं भांडं घेऊन आल्या, जुन्या पिंपातली रम, आणि माझ्यासमोर थांबल्या. आता मला सगळं माहीत होतं. माझा हात पुन्हा पुढे गेला. खळगा करून.

चव आवडली होती मला. ते मी कोणाला सांगितलं नाही. पण व्हिडिओत दुसऱ्यांदा पुढे केलेला हातही आहे.

* * *

व्हिडिओ माधुरीनं भावाला पाठवला. माझ्या मुलानं बायकोला दाखवला. सूनबाईंना तो इतका गोड वाटला की त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. मी विमानात असतानाच तो समाभर फिरला.

बाकड्यावर गेलो तर दिगंबरराव उठून उभे राहिले. "यावं, तीर्थरूप."

मी बाकड्याच्या टोकाला बसलो.

रमणभाई दिगंबरराव जायची वाट बघत थांबले. मग म्हणाले, "वास?"

"गूळ करपल्यासारखा," मी खाली बघत सांगितलं.

त्यांनी डोळे मिटले. "मग?"

"त्यात सुकं खोबरं. थोडी लवंग. आणि जुनं कपाट उघडल्यावर येतो तसा."

रमणभाईंनी एक लांब श्वास घेतला. मग उठले आणि कंपाउंडच्या भिंतीला धरून चालायला लागले. "कोणी विचारलं तर सांगतो," म्हणाले, "काकांनी पाजली."

* * *

गुरुवार आला. मी पळी घासून पुजाऱ्यांकडे नेऊन दिली. म्हटलं, या हातानं आता नको. त्यांनी समजूत घातली, पण मी ऐकलं नाही. बायकोची पळी होती. ती असती तर काय म्हणाली असती, याचाच विचार डोक्यात.

तीर्थ द्यायला दिगंबरराव उभे राहू लागले. पण त्यांना सही करायची सवय. पळी भरतात आणि पेन झटकावं तशी झटकतात. कोणाच्या बाहीवर, कोणाच्या चष्म्यावर. रमणभाई म्हणाले, "साहेब, हे तीर्थ आहे का आंघोळ?"

मी घरात बसून घंटा ऐकायचो. लोक हसत होते त्याचं फारसं काही नव्हतं. कोकिलाबेन हसल्या नव्हत्या, ते जड जात होतं. जिन्यात समोर आल्या की भिंतीकडे सरकून वाट द्यायच्या. मी हात वर करून दाखवला तेव्हा त्या तिथे होत्या ना. उद्या मी पुन्हा उभा राहिलो, बाकी सगळे रांगेत आले आणि त्या एकट्या निघून गेल्या, तर मग मी ती पळी कुठल्या तोंडानं धरायची?

एका गुरुवारी आरती संपायच्या सुमारास दारावर थाप पडली. बघतो तर कोकिलाबेन. हातात पळी, चिंचेनं घासून लख्ख केलेली. त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि वळून चालायला लागल्या. मी चपला न घालताच मागे गेलो.

देवळात रांग उभी होती. दिगंबरराव बाजूला झाले. रमणभाईंनी टोपी नीट केली.

पहिल्या कोकिलाबेन. डावा हात उजव्याखाली, खळगा केलेला. मी जेमतेम पळी कलती केली. त्या प्यायल्या. ओला हात केसांवरून फिरवला. पण पुढे सरकल्या नाहीत. मागची रांग थांबली. मी मान वर करून बघितलं तर त्यांचा हात पुन्हा पुढे आलेला.

"काका," त्या हळूच म्हणाल्या, "आज जरा वधारे द्या."