शेवटच्या बोल्टवरचा ठिपका

लेकीने नेलपेंटची बाटली उघडली, की त्या वासाने मी जर्मनीतल्या इंगोलश्टाटमधल्या भाड्याच्या गराजमध्ये जाते. वर्गमित्र मंदारच्या टर्बो बसवलेल्या जुन्या गाडीचं फुटलेलं इंजिन आम्ही तिथे पुन्हा बांधलं. पक्क्या आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर मी माझ्या नेलपेंटचा लाल ठिपका द्यायचे. इंजिन गाडीत चढलं. आतल्या शेवटच्या बोल्टवर ठिपका दिल्याचं काही केल्या आठवेना.

"सगळे आवळलेस ना गं?" मंदारने सीटबेल्ट लावत विचारलं.

"गेनाऊ, अगदी बरोबर," मी म्हणाले.

गाडी वळणाआड गेली. आवाज ऐकू येईना, तेव्हा मी रस्त्यावर येऊन उभी राहिले. थोड्या वेळाने तो गाडी घेऊन हसत परत आला.

त्या दिवशी मी घाबरले होते ते इंजिन पुन्हा फुटेल आणि माझी चूक कळेल म्हणून. गाडीत मंदार बसला होता, याची भीती मला आज वाटते.