कॅप्टनसाहेबांची पुसायची पाळी

काल सकाळी आमच्या हँगरमध्ये अपूर्व प्रयोग झाला. कॅप्टन देवधर, आमचे सर्वांत ज्येष्ठ वैमानिक, हेलिकॉप्टरच्या पोटाखाली उताणे पडून तेल पुसत होते! पुसपास वैमानिकांनीही करायची, हा इंजिनिअर सुलभाताईंचा नवा नियम. तो आठवडाभरात मोडून काढायचा, असं आम्हा वैमानिकांचं ठरलं होतं.

साहेबांनी इतकं मन लावून पुसलं, की नट पक्का आवळल्याची खूण म्हणून ओढलेल्या लाल रेघाही साफ!

"बघा ताई, मला हे जमत नाही," साहेब सुटकेच्या सुरात म्हणाले.

मी गालात हसलो. एकदाच पोळ्या करपवून मीही घरी कायमची सुट्टी मिळवली आहे. काम बिघडवून कामातून सुटणं, ही किती जुनी पुरुषी कला!

ताईंनी पाना उचलला. "जमेल. आता एकेक नट मी तपासते, रेघ तुम्ही ओढा. उद्याही तुमचीच पाळी. जमेपर्यंत."

साहेब पुन्हा पोटाखाली सरकले.

त्यांच्यानंतरची पाळी माझी. माझाही एक देखणा बेत तयार होता. तो तिथेच सोडून मी ताईंना म्हटलं, "त्या रेघा कुठे कुठे असतात, तेवढं आजच दाखवून ठेवा."